काळी, पांढरी आणि गावाचा पैसा

ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती एकदा नीट वाचून पाहावी. त्या कागदावर ओळीने बाबी लिहिलेल्या असतात : घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी, मागील बाकी, चालू मागणी आणि एकूण. आमच्या घरच्या पावतीवर या सगळ्यांची बेरीज कित्येक वर्षे हजार रुपयांच्या आतच राहिली. या पावतीवर जे नाही तेही पाहण्यासारखे आहे. ज्याच्या नावाने ती फाडलेली असते त्याची शिवारात चार एकर बागायत असली, तरी तिचा उल्लेख या कागदावर कुठेही येत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम १२४ ग्रामपंचायतीला इमारतींवर आणि बिनशेती जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार देते. ज्या जमिनीवर शेतसारा बसतो ती जमीन त्यातून वगळलेली आहे.

जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात. वस्तीची जमीन ती पांढरी, कसण्याची जमीन ती काळी. पांढरीवर घरे, देऊळ, चावडी आणि बाजार, तर काळीवर पीक. गावाचे खरे उत्पन्न शेकडो वर्षे काळीतून येत होते आणि पुष्कळ गावांत आजही येते. मग गावाच्या कारभाराच्या वाट्याला नुसती पांढरी कशी उरली, हा प्रश्न घेऊन मागे गेले की ग्रामस्वराज्याचा बराच इतिहास उलगडतो.

शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या देशावरच्या गावापासून सुरुवात करू. त्या काळी सारा अनेक ठिकाणी एकेका शेतकऱ्यावर न ठरता आधी सबंध गावावर ठरत असे. निजामशाहीत मलिक अंबरने जी जमाबंदी केली तिच्यातून गावोगावचा ‘तनखा’, म्हणजे गावाच्या साऱ्याचा प्रमाण आकडा, रूढ झाला आणि तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाचा आधार राहिला. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, असे तिचे माप होते. पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेला आणि दोन सरकारात, अशी वाटणी सभासद बखरीत नोंदलेली आहे. पेशवाईत कमाविसदार, म्हणजे वसुलाचा सरकारी अधिकारी, दरसाल गावाच्या पाटलाशी बसून त्या वर्षीचा आकडा ठरवी. पाऊस कमी झाला असेल, गावावरून फौज गेली असेल किंवा कुळे परागंदा झाली असतील, तर पाटील सूट मागे आणि त्यावर घासाघीस होई.

आकडा ठरला की पुढचे काम गावाचे होते. कोणाच्या शेतावर किती पडायचे याचा हिशेब कुलकर्णी आपल्या दप्तरात मांडत असे. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदाराला गावात मान होता, पण त्याची जबाबदारीही मोठी होती. एखाद्याने सारा थकवून गाव सोडले, तर त्याचा भार अनेक ठिकाणी इतर मिरासदारांनी वाटून घ्यावा लागे. ज्या घराण्याचा वंश संपला त्याची जमीन ‘गतकुळ’ म्हणून गावाकडे येई आणि पाटील व मिरासदार मिळून ती दुसऱ्याला देऊ शकत. म्हणजे काळीची वाटणी, तिच्यावरचा कर आणि तिची पडीक जमीन या तिन्ही बाबतींत गावाला शब्द होता.

सरकारी साऱ्याच्या वर गाव स्वतःसाठी आणखी एक रक्कम गोळा करी. तिचे नाव गावखर्च. देवळातली दिवाबत्ती, उत्सव, वेशीची डागडुजी, गावात मुक्कामाला आलेल्या शिपायाचा शिधा, गोसाव्या-फकिराला दान असा खर्च त्यातून निघे. अडचणीच्या वर्षी गावाच्या नावाने सावकाराकडून कर्ज काढले जाई आणि ते फेडण्यासाठी कधी गावाचीच जमीन इनाम म्हणून तोडून दिली जाई. आजच्या भाषेत बोलायचे तर गावाला स्वतःचे अंदाजपत्रक होते, ते कुलकर्ण्याच्या दप्तरात असे आणि त्याचा मुख्य आधार काळीवरची वर्गणी हाच होता. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, तेव्हा वरचे सरकार नाहीसे झाले तरी आपल्या लोकांचे रक्षण करू शकेल अशी ही गावे आहेत, असे त्याला वाटले. या गावखर्चात पाटील आणि वरचे कामगार आपलाही हात मारून घेत, हेही त्याच काळच्या कागदांत स्पष्ट आहे.

गावाच्या नोकरवर्गाचा पगार मात्र या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो खळ्यावर दिला जात असे. मळणी झाली, धान्य वाऱ्यावर उपणून झाले आणि रास पडली की बलुतेदार खळ्यावर येत. वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करणारा सुतार, फाळ शेवटणारा, म्हणजे त्याला धार काढणारा, लोहार, मोट शिवणारा चांभार, मडकी देणारा कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार आणि मांग यांना कुणबी आपल्या राशीतून किंवा पेंढ्यांतून ठरलेला वाटा घाली. कामाच्या महत्त्वानुसार थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा मानल्या जात आणि वाट्याचे माप त्याप्रमाणे कमी-जास्त होई. कोणती जात कोणत्या कासेत, हे प्रांतोप्रांती बदलत असे. हा करच होता, फक्त तो धान्याच्या रूपात आणि थेट काळीतून वसूल होई. त्याशिवाय पांढरीवर वेगळी आकारणी असे. कारागीर आणि दुकानदार यांच्यावरच्या कराला मोहतर्फा म्हणत. यांखेरीज घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटका अशा नाना पट्ट्या होत्या. इनामाच्या सनदांमध्ये ‘हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ असा शब्दप्रयोग नेहमी आढळतो. हल्ली चालू असलेली पट्टी आणि पुढे बसेल ती पट्टी, दोन्ही या इनामदाराला माफ, असा त्याचा अर्थ आहे. नवी पट्टी केव्हाही बसू शकते हे तेव्हा सगळ्यांनी इतके धरून चालले होते की माफीसुद्धा आगाऊ लिहून घ्यावी लागे.

तंट्याचा निवाडा गोतसभा करी. वतनाचा किंवा शिवेचा वाद असला की गावचे वतनदार, मिरासदार आणि बलुतेदार एकत्र बसत आणि निकालाचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. या महजरांवरच्या निशाण्या पाहण्यासारख्या असतात. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपापल्या कामाचे चिन्ह काढलेले असते : पाटलाचा आणि कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. शिवेच्या वादात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाची हद्द राखणे हे त्याचेच काम होते.

या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याची साक्ष शिवेवर चाले, त्याला देवळात प्रवेश नव्हता आणि पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता. वेशीवर पहारा, सरकारी निरोप पोचवणे, वसूल ठाण्यात नेताना सोबत जाणे, मेलेली जनावरे ओढणे ही महार वतनाची कामे दिवसरात्र चालत आणि त्यांच्या बदल्यात हाडकीची, म्हणजे वतनाची, थोडी जमीन आणि बलुते एवढेच मिळे. गावाचा कारभार स्वस्तात चालत होता, त्याचे एक मोठे कारण हे होते. स्त्रियांना तर या सभेत स्थानच नव्हते, क्वचित एखादी वतनदार विधवा सोडली तर. गाव स्वतःचा कारभार स्वतः चालवी हे खरे, पण त्या ‘स्वतः’मध्ये गावातली निम्म्याहून अधिक माणसे येत नव्हती.

पेशवाईच्या शेवटी ही रचना आतून पोखरली गेली. दुसऱ्या बाजीरावाने महसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावील त्याला परगणा मिळे. मक्तेदाराला पुढच्या वर्षाची खात्री नसे, त्यामुळे चालू वर्षातच मिळेल तेवढे काढून घेण्याकडे त्याचा कल असे, आणि पाटलाच्या घासाघिशीला जागा उरली नाही.

१८१८ नंतर इंग्रजांनी मक्ते बंद केले, आणि रयतवारी आणली. रयतवारीचे मर्म एका वाक्यात असे सांगता येईल : सरकार यापुढे गावाशी नव्हे, तर प्रत्येक खातेदाराशी हिशेब करणार. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली पहिली पाहणी शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या किचकट गणितावर उभी होती. तिचे दर इतके चढे निघाले की शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. शेताला क्रमांक दिला, जमिनीची प्रत आण्यांमध्ये ठरवली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. सर्व्हे नंबर आणि आपला सातबारा यांचे मूळ या पद्धतीत आहे. शेतकऱ्याला याचा फायदाही झाला, कारण दरसालची अनिश्चितता गेली आणि पाटलाच्या मर्जीवर त्याचा आकडा राहिला नाही.

गावाने मात्र यात बरेच गमावले. आकारणी वरून ठरून येऊ लागल्यावर वाटणी करणाऱ्या गावाची गरज संपली. पडीक आणि वारसाविना राहिलेली जमीन सरकारची झाली. गावखर्चावर मर्यादा आल्या आणि गावाला स्वतःची वर्गणी बसवण्याचा जो रूढ अधिकार होता तो मागे पडला. पाटील आणि कुलकर्णी राहिले, पण सरकारचे वतनी नोकर म्हणून. १८७४ च्या वतन कायद्याने त्यांची कामे आणि मोबदला नियमांत बसवला. निवाड्याचे काम दिवाणी अदालतींकडे गेले. पूर्वी गावाच्या नावावर कर्ज निघे आणि सावकाराला सबंध गावाशी बोलणी करावी लागत. आता एकेकटा शेतकरी सावकारासमोर आणि त्याच्या दस्तऐवजासह कोर्टासमोर उभा राहिला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून उठाव सुरू झाला, तेव्हा लोकांनी सावकारांकडच्या कागदांवर हात टाकला आणि ते जाळले, त्यामागे हे एक कारण होते.

‘लोकल फंड’ हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी असतो. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली आणि १८६९ च्या कायद्याने त्याला बैठक मिळाली. याचा मोठा हिस्सा रस्त्यांसारख्या कामांना आणि तिसरा हिस्सा शाळांना जाई. म्हणजे स्थानिक कामासाठी काळीवर पुन्हा कर बसला, पण तो गावाच्या हाती न जाता जिल्ह्याच्या फंडात गेला. आपल्या घामाचा पैसा जातो आणि त्याचा लाभ भलत्यांनाच मिळतो, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मांडली होती. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. स्थानिक कराबद्दल त्यांच्याइतका नेमका प्रश्न त्या काळात फार थोड्यांनी विचारला असेल.

त्याच वर्षी, मे १८८२ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन याचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली. त्यांच्यात काही सभासद निवडून येत, पण मतदारांची संख्या तोकडी होती आणि कारभारावर कलेक्टरचा वरचष्मा होता. सगळ्यात खालचे बोर्ड तालुक्याचे असल्यामुळे गावाला यात जागा नव्हती. ग्रामपंचायतींचा विचार विकेंद्रीकरण आयोगाच्या १९०९ च्या अहवालानंतर पुढे सरकला आणि मुंबई इलाख्यात १९२० आणि १९३३ असे दोन कायदे झाले. अधिकार कमी आणि पैसा त्याहून कमी असल्याने थोड्याच गावांत पंचायती रुजल्या. १९३२ साली यातल्या दुसऱ्या कायद्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. गावातल्या बहुसंख्य जातींच्या हाती सत्ता देताना अस्पृश्यांच्या संरक्षणाचे काय, हा त्यांचा सवाल होता. त्याआधी १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या सुधारणेसाठी विधेयक मांडले होते, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यापूर्वीच, १९१८ मध्ये, महार वतनाची वेठ संपवण्याचे पाऊल उचलले होते.

सातारा भागातल्या औंध संस्थानाची हकीकत इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. बहात्तर गावांचे हे छोटे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत प्रजेला राज्यघटना दिली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांमधून तालुक्याची समिती आणि तिच्यातून संस्थानाची विधानसभा, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. महसुलातला वाटा पंचायतींकडे राही आणि शाळा, पाणी, रस्ता, किरकोळ तंटे यांचा भार त्यांनी उचलायचा होता. काळीचा पैसा आणि निवडून आलेली पंचायत एकाच ठिकाणी आणण्याचा इतका सरळ प्रयत्न महाराष्ट्रात त्यापूर्वी झाला नव्हता, असे मला वाटते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग तिथेच थांबला.

त्याच वर्षी संविधान सभेत हा वाद ऐरणीवर आला. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी गाव म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचे आगर असल्याचे कठोर शब्दांत सांगितले आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यावर अनेक सभासद नाराज झाले. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींचा मुद्दा मार्गदर्शक तत्त्वांत आला. तोच आजचा अनुच्छेद ४०. त्याला न्यायालयात दाद मागता येत नाही, आणि त्यात पैशाची कुठलीही हमी नाही.

पुढची पायरी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याची. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलपद १९६२ च्या कायद्याने गेले. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या रचनेत पंचायतीला पांढरी मिळाली, म्हणजे घरे, दिवे, पाणी, बाजार, जत्रा यांच्यावरचे कर आणि फी. काळीवरचा सारा राज्याकडे राहिला, आणि साऱ्यावरचा उपकर, जो १८६९ मध्ये जिल्ह्याच्या फंडात जात होता, तो जिल्हा परिषदेकडे आला. महसुलाचा काही भाग अनुदान म्हणून खाली येतो, पण साऱ्याचे दर अनेक दशके जवळपास जागच्या जागी असल्यामुळे त्या रकमेला आज फारसा अर्थ उरलेला नाही.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि गावाच्या ‘आपण’मध्ये कोण, या जुन्या प्रश्नावर तिने मोठे काम केले. दर पाच वर्षांनी निवडणूक, ग्रामसभा, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येनुसार जागा आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ज्या घरातल्या पुरुषालाही गोतसभेत फक्त शिवेची साक्ष देण्यापुरते बोलावत, त्या घरातली बाई आज सरपंचाच्या खुर्चीवरून ठराव मांडू शकते. हा बदल लहान नाही. पैशाच्या बाबतीत मात्र अनुच्छेद २४३-एच पंचायतींना कोणते कर द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर सोडतो. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, आणि ते पार पाडायला लागणारा कर कोणता, याचा त्यात निर्देश नाही.

घरपट्टीची आकारणी २०१५ च्या अखेरीपासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते. बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वय आणि वापर पाहून मूल्य काढतात आणि त्यावर दर हजारी ठरावीक पैसे लावतात. पद्धत न्याय्य आहे, पण दर ठरवणाऱ्या सदस्याला संध्याकाळी पारावर त्याच लोकांत बसायचे असते आणि थकबाकीदार पुष्कळदा त्याचा भावकीतलाच असतो. त्यात वरून निधी येतो म्हटल्यावर घरपट्टी वाढवून वाईटपणा कोण घेणार? चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम शिफारस केली. एवढा पैसा गावाच्या खात्यात थेट येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यातून कामेही झाली. पुढच्या आयोगाने त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. बांधून दिलेल्या पैशाचा जाब वरच्या कार्यालयात द्यावा लागतो. घरपट्टीचा जाब गावकरी ग्रामसभेत मागतात, आणि तो मागायला मोठ्या संख्येने उभे राहतात, ते त्यांनी पट्टी भरलेली असते म्हणून.

पांढरीपलीकडचे उत्पन्न गावाच्या हाती आल्याचे एक उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा महाराष्ट्रभर गेली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती होता. २०११ च्या एप्रिलमध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा, मजुरी किती द्यायची आणि उरलेला पैसा कशाला लावायचा, हे ग्रामसभा एकमताने ठरवते; बाई असो वा पुरुष, एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढच्या सभेत पुन्हा होते.